आधी पूर्वपक्ष

अकरावीच्या वर्गात चार्वाक शिकवायला घेतला की मुलं खूश होतात. कर्ज काढून तूप पिणारा चैनी माणूस, एवढीच त्याची ओळख त्यांच्या कानावर असते. पण चार्वाकाचं खरं बळ अनुमानावरच्या हल्ल्यात आहे. तिथवर जायचं तर आधी नैयायिकांचं, म्हणजे अनुमानाला प्रमाण मानणाऱ्या न्यायदर्शनाच्या पंडितांचं, ऐकावं लागतं.

मी फळ्यावर लिहितो : डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी, उदाहरणार्थ, स्वयंपाकघर. लगेच एखादा हात वर होतो, “सर, आमच्या गॅसला कुठे धूर येतो?” हा प्रश्न मला हवाच असतो. शेगडीत अग्नी आहे, धूर नाही. म्हणजे अग्नीवरून धुराचं अनुमान करता येणार नाही. धुरावरून अग्नीचं अनुमान मात्र त्यामुळे मोडत नाही. जुन्या ग्रंथांत हेच तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याच्या दाखल्याने समजावलं आहे. हे पटलं की चार्वाकाला बोलू द्यायचं : ‘जिथे जिथे’ म्हणता खरं, पण सगळ्या जागा, मागचा-पुढचा सगळा काळ पाहिलाय कोणी? आता उत्तर शोधायचं काम वर्गाचं.

चार्वाकांचे मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. त्यांचं म्हणणं आपल्यापर्यंत आलं ते बहुतांशी विरोधकांच्या लेखणीतून. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांनी स्वतः वेदान्ती असूनही ‘सर्वदर्शनसंग्रहा’ची सुरुवात चार्वाकापासून केली. समोरच्याचं मत आधी नीट मांडायचं, मगच खोडायचं, ही पूर्वपक्षाची शिस्त मला या विषयाचा कणा वाटते.

धर्म शिकवतानाही कसोटी हीच. अनात्मवाद समजावला, तर विहारात जाणाऱ्या मुलीला, तौहीद समजावला, तर नमाज पढणाऱ्या मुलाला आणि अनेकांतवाद समजावला, तर पर्युषणात उपास धरणाऱ्या मुलीला वाटलं पाहिजे, ‘हो, आमच्याकडे असंच मानतात.’ शंका, आक्षेप त्यानंतर. आणि ते सगळ्यांना सारखेच लागू.

पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं राज्यघटनेचं २८वं कलम सांगतं. पण धर्मांचा अभ्यास करायला त्याची आडकाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केलं. तरीही अनेक शिक्षक वाद नको म्हणून हा विषय टाळतात. मग मुलं शेजाऱ्याच्या धर्माबद्दल मोबाइलवर आलेल्या मजकुरातून शिकतात, आणि तिथे पूर्वपक्ष कोणी मांडत नाही.

माझ्या शिक्षक मित्रांना एवढंच सांगणं आहे : टाळू नका. ज्या मताशी तुमचं अजिबात जुळत नाही, त्याची तयारी सर्वांत जास्त करून वर्गावर जा.