वाइल्ड कार्डही गेलं

जानेवारी 2023. पुण्याच्या बालेवाडीत पंधरा वर्षांचा मानस धामणे एटीपी 250 दर्जाच्या महाराष्ट्र ओपनमध्ये पुरुष एकेरी खेळला. अमेरिकेच्या मायकेल म्मोहकडून 2-6, 4-6 असा हरला. पण पुण्याचं पोरगं त्या कोर्टवर उभं राहिलं ते रँकिंगवर नाही, वाइल्ड कार्डवर. स्पर्धा आपल्या घरची, म्हणून मोजक्या जागा यजमानाच्या हातात होत्या.

2018 ला चेन्नईहून ही स्पर्धा पुण्याला आली, तेव्हा मी चार ओळींची बातमी लावली होती. म्हटलं, जळगावला टेनिसचं काय! त्या 2023 च्या स्पर्धेत नेदरलँड्सचा टॅलन ग्रीकस्पूर जिंकला. तोच शेवटचा विजेता. 2024 च्या जानेवारीत त्या आठवड्याची स्पर्धा हाँगकाँगला झाली.

जळगाव-धुळ्याचं पोरगं रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालं की सकाळी पुण्यात. मोठे खेळाडू डोळ्यांनी बघायला मिळायचे. हाँगकाँगला त्याला कोण नेणार?

स्पर्धा आणली तेव्हा सत्कार झाले. गेली तेव्हा कुणी जाब विचारला नाही. मीसुद्धा नाही. चूक माझीही आहे भाऊ.