घाटाचे इंजिन उतारावर पारखावे

१/ वसई म्हटले की इतिहासप्रेमींना १७३९ ची चिमाजी अप्पांची मोहीम आठवते. याच वसईत रेल्वेच्या इतिहासाचाही एक धडा रुळांवर मांडलेला आहे. वसई रोडहून उत्तरेकडे निघालेली मालगाडी वैतरणा ओलांडून किनाऱ्याच्या सपाटीने सुरतेकडे जाते. दिव्याकडे वळलेल्या गाडीला देशावर जायचे असेल, तर तिच्यापुढे सह्याद्री उभा राहतो.

२/ बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये खुला झाला, थळघाटाचा १८६५ मध्ये. दोन्हीकडे सर्वांत तीव्र चढण ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर अंतरात एक मीटर उंची. अशा चढणीवर हजार टनांच्या गाडीला गुरुत्वाकर्षण सुमारे २७ टनांच्या जोराने मागे ओढते.

३/ येथे निव्वळ अश्वशक्ती पुरत नाही. पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड सुटली, की चाक जागच्या जागी गरगरते. ही पकड फिरत्या चाकांवर पडणाऱ्या वजनावर अवलंबून असते. म्हणूनच वाफेच्या आरंभकाळात घाटासाठी निराळी इंजिने आली. त्यांची पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली असे. पाण्याचे ओझेही पकडीच्या कामी येई.

४/ चढणे मात्र अर्धेच काम. बोरघाटात गाडीला एका ठिकाणी थांबून दिशा बदलावी लागे. १८६९ च्या जानेवारीत उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी ठरले आणि ती तेथे न थांबता पुढे जाऊन कोसळली. घाटाने घातलेला खरा प्रश्न हा होता : वर नेलेले वजन खाली कसे आणायचे?

५/ त्याचे एक उत्तर १९२८ पासून आले. स्वित्झर्लंडच्या आल्प्समधील अनुभवातून घडलेली, सुमारे २,६०० अश्वशक्तीची ४१ विद्युत इंजिने. रेल्वे कामगारांनी त्यांना नाव दिले ‘खेकडा’. उतरताना त्यांच्या मोटारी जनित्र बनत. गाडीचा वेग रोखला जाई आणि निर्माण झालेली वीज तारेत परत जाई. उतरणारी गाडी अशा रीतीने चढणाऱ्या गाडीला हातभार लावी. १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे दिशा बदलण्याचे ते स्थानकही इतिहासजमा झाले.

६/ आजही कर्जत व कसारा येथे गाड्यांना मागून रेटणारी ‘बँकर’ इंजिने जोडली जातात. सारा भार पुढून ओढला, तर डब्यांना जोडणाऱ्या कपलिंगवर असह्य ताण येतो. शिवाय घाटात कॅच सायडिंग आहेत. अनावर झालेली गाडी चढावाच्या त्या आंधळ्या रुळावर शिरून थांबावी, अशी ती योजना.

७/ एक खेकडा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन केलेला आहे. त्याच्यासमोर उभे राहिल्यावर तो किती टन ओढत असे, हे प्रत्येक जण विचारतो. त्यासोबत तो किती टन सांभाळून खाली आणत असे, हेही विचारावे. घाटातील माणसांचे प्राण त्या दुसऱ्या आकड्यावर अवलंबून होते.