सध्या सुयांवर

आमच्या आईचा एक कडक नियम होता. एक विणकाम सुयांवर असताना दुसरं घालायचं नाही. स्वेटरची पाठ झाली, आता जरा कंटाळा आला म्हणून मध्येच टोपी घेतली, असले लाड आमच्या घरात नव्हते. त्यामागे शिस्तीपेक्षा हिशेब जास्त होता. दहा नंबरच्या सुयांची जोडी एकच, लोकर औंसावर मोजून आणलेली, आणि पुष्कळदा तीही नवी नसायचीच. थोरल्याचा आखूड झालेला स्वेटर उसवायचा, खुर्चीच्या पाठीवर त्या लोकरीच्या लडी करायच्या, कोमट पाण्यातून काढायच्या आणि खाली अर्धा भरलेला तांब्या टांगून दोरीवर वाळत घालायच्या. वजनानं लोकरीतल्या वळ्या निघून जातात. मग तीच लोकर धाकट्याच्या अंगावर. अशा घरात ‘सध्या काय काय विणतेयस?’ असं कोण विचारणार? जे असायचं ते एकच, आणि ते कुणासाठी हे सगळ्या वाड्याला ठाऊक असायचं.

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत मॅडिसनला गेले, तोवर मीही हा नियम पाळत आले होते. मॅडिसन ही विस्कॉन्सिन राज्याची राजधानी, मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेली. सप्टेंबरात पोचले तेव्हा तळ्यात होड्या होत्या, जानेवारीत त्याच तळ्यावर लोक चालत जाऊन बर्फाला भोक पाडून मासे धरत बसले होते. बाळ यायला अवकाश होता, लेक-जावई दिवसभर कामावर. लेकीनंच शोधून काढलं की जवळच्या सार्वजनिक वाचनालयात गुरुवारी संध्याकाळी विणणारी मंडळी जमतात. “आई, तू जाच. नाहीतर घरातले पडदेसुद्धा उसवून विणायला घेशील.”

तिथे रीत अशी, की टेबलाभोवती बसल्यावर एकेकानं पिशवीतून काम काढायचं आणि काय चाललंय ते सांगायचं. मी पुण्याहून नेलेल्या लुधियानाच्या पिवळ्या लोकरीचं टोपडं दाखवलं आणि थांबले. बाकीचे थांबेनात. एक निवृत्त नर्सबाई होत्या. हातात मोजा, घरी कोचावर अर्धा झालेला अफगाण, म्हणजे एक मोठी शाल, शिवाय रुग्णालयाला द्यायच्या नवजात बाळांच्या टोप्या, आणि भाच्याचं एक जाकीट ‘शिक्षा म्हणून’ कपाटात. विद्यापीठातली एक पोरगी जाळीची शाल विणत होती. दर काही ओळींनी ती सगळ्या टाक्यांतून एक पातळ शिवणाचा दोरा ओवून ठेवायची, म्हणजे पुढे चुकलं तर उसवताना त्या दोऱ्यापाशी टाके थोपतात. तिच्याही पिशवीत दुसरं साधं सुलट-सुलट मफलर होतंच. माझ्या शेजारी दाढीवाला धिप्पाड गृहस्थ, रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या गाडीचा चालक. तो फक्त मोजे विणायचा, पण एका वेळी तीन जोड.

मनात आलं, ही सगळी हातातलं तडीला न नेणारी माणसं. आईनं एकेकाची पिशवी जप्त केली असती.

दोन-तीन गुरुवार गेल्यावर त्यातला हिशेब दिसायला लागला. आईचा हिशेब लोकरीचा होता, यांचा वेळेचा. बर्फवाल्या गृहस्थाचा हिवाळा वाट बघण्यात जातो. बर्फ पडणार अशी सूचना आली की गाडीत तयार बसायचं, कधी दहा मिनिटं, कधी अर्धी रात्र. त्या वेळात मावेल असं एकच विणकाम, ते म्हणजे मोजा. मुठीत राहतो, खिशात जातो, फोन वाजला की टाका मध्येच सोडला तरी बिघडत नाही. अफगाणाचं उलटं. अफगाण म्हणजे कोचावर टाकायची ती मोठी विणलेली किंवा क्रोशाची गोधडीएवढी शाल. आपल्याकडच्या मालिकांत सोफ्यावर उशा असतात, तशी अमेरिकन घरात ही असते. ती सुरुवातीला हातभर असते तोवर बरोबर नेता येते, पुढे मांडीवरून खाली पायांवर उतरते आणि आपण तिच्याखाली बसून तीच विणत राहतो. ती जानेवारीतच विणायची. जुलैत तिच्याखाली जीव जाईल. जाळीच्या शालीला सलग शांत तास लागतो, कारण एक अढी चुकली की नमुना तिरका पळतो. आणि गप्पा मारताना, टीव्ही बघताना, मुलाच्या शाळेतल्या सभेत बसताना लागतं ते डोकं न लागणारं मफलर. दिवसात जितक्या जातींचा वेळ, तितकी कामं सुयांवर. हे मला पटलं. तरी नर्सबाईंच्या कपाटातल्या जाकिटाबद्दल माझं मत बदललेलं नाही. ते टाळाटाळीचं होतं, आणि त्यांनाही ते माहीत होतं.

मोजे मी तिथेच शिकले. आपल्याकडे बाळाचे मोजे म्हणजे सपाट विणून शिवलेले, घोट्याशी नाडी ओवलेले. मोठ्या माणसाचा मोजा शिवणीशिवाय, गोल विणतात. दोन्ही बाजूंना टोक असलेल्या पाच सुया, चारांवर सोळा-सोळा असे ६४ टाके, पाचवीनं विणत जायचं. पोटरीपर्यंत दोन सुलट दोन उलट, त्यात काही नवल नाही. गंमत टाचेला आहे. ६४ पैकी ३२ टाके तसेच ठेवायचे आणि उरलेल्या ३२ वर मागेपुढे विणत एक चौकोनी पट्टी करायची. मग टाच वळवायची. म्हणजे ओळ शेवटापर्यंत न्यायचीच नाही. मध्याच्या जरा पुढे गेलं की दोन टाके एकत्र विणायचे, आणखी एक सुलट, आणि सुईवर टाके शिल्लक असतानाच काम फिरवायचं. तिकडूनही तसंच. फिरवलं तिथे टाक्यांमध्ये फट दिसते, आणि पुढच्या खेपेला नेमके त्या फटीच्या दोन बाजूंचे टाके एकत्र घेऊन ती मिटवायची. प्रत्येक ओळ थोडी लांब जाते आणि टाके संपत येतात. पहिल्या चार-सहा ओळी नुसता गोंधळ वाटतो. “समजून घेऊ नकोस, लिहिलंय ते कर,” नर्सबाई म्हणाल्या. केलं. आणि सपाट पट्टीला आपसूक खोलगट वाटी आली, टाच बसेल अशी. शिवण नाही, चूण नाही. मग पट्टीच्या दोन्ही कडांचे टाके उचलायचे, बाजूंना कमी करत पुन्हा ६४ वर यायचं आणि बोटांकडे निघायचं. ज्यानं कुणी ही टाच पहिल्यांदा काढली त्याला भूमितीचं पुस्तक लागलं नसणार.

बोटांशी शेवटी थोडे टाके उरतात, ते सुईनं असे सांधायचे की सांधा टाक्यासारखाच दिसावा. या सांध्याला ब्रिटिश सेनापती किचनर यांचं नाव आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या ओलीत सैनिकांचे पाय सडत होते. कोरडे मोजे हा तिथे जीवन-मरणाचा माल होता, आणि रेड क्रॉसच्या हाकेला ओ देऊन अमेरिकेतही घराघरांत, शाळांत मोजे विणले गेले. बोटांवर शिवणीची गाठ आली तर चालून चालून फोड येतो, म्हणून हा सपाट सांधा. तो खुद्द किचनरनी काढला असं सांगतात. सेनापती सुई घेऊन बसले असतील यावर माझा काही विश्वास नाही.

एक मोजा झाला की दुसरा घालायचा उत्साह जातो. कोडं सुटलेलं असतं ना. त्या टेबलावर निम्म्या लोकांकडे एकेकटे मोजे होते. बर्फवाल्याचा उपाय मला आवडला. तो दोन्ही मोज्यांच्या पोटऱ्या आधी विणतो, मग दोन्ही टाचा, म्हणजे एकटा मोजा कधी पूर्णच होत नाही.

सुया घ्यायला मात्र लेकीला बरोबर नेलं ते बरं झालं. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे, नंबर वाढला की सुई बारीक. आपली दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड, आणि तिथली दहा नंबर चक्क सहा मिलिमीटरची. तिच्यावर मोजा विणला असता तर मासे धरणाऱ्यांना जाळं म्हणून देता आला असता. तेव्हापासून मी फक्त मिलिमीटरमध्ये बोलते.

विस्कॉन्सिनमध्ये विणकामाबद्दल बोलताना एलिझाबेथ झिमरमन यांचं नाव निघाल्याशिवाय गुरुवार संपत नाही. जन्म इंग्लंडमधला, १९१० चा. लग्न जर्मन माणसाशी, संसार शेवटी विस्कॉन्सिनमध्ये, एका जुन्या शाळेच्या इमारतीत. नमुन्यातलं अक्षर नि अक्षर पाळणाऱ्या बायकांना त्यांनी सांगितलं, की स्वतः मोजा, स्वतः गणित करा, आपल्या विणकामाच्या मालकीण तुम्ही. १९९९ मध्ये त्या गेल्या, पण त्यांचं १९६८ सालचं बाळाचं जाकीट अजून कुणाच्या ना कुणाच्या सुयांवर असतंच. मग ते मीही घातलं. नुसती सुलट ओळ मागेपुढे, ठरल्या जागी टाके कमी करायचे, मग वाढवायचे. विणून झाल्यावर हातात येतं ते जाकीट नसतंच, वेडंवाकडं फडकं असतं. मी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून बराच वेळ बघत होते. मग कोपरे धरून घडी घातली आणि बाह्या, पाठ, पुढचे दोन पदर सगळं जागच्या जागी आलं. शिवण फक्त दोन, खांद्यांवर. कुंची शिवणाऱ्या माझ्या आजीला हे दाखवलं असतं तर तिनं ते चार वेळा उलगडून चार वेळा मिटलं असतं.

झिमरमनबाईंच्याच प्रचारातली आणखी एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली, आणि ती पाहायला जरा छाती लागते. त्या शाल विणणाऱ्या पोरीची आई एकदा नॉर्वेच्या धर्तीचा दोनरंगी स्वेटर घेऊन आली. पुढून कुठे उघडत नव्हता, सरळ गोल नळकांडं. दोन रंग खेळवताना गोल विणलं की सगळ्या ओळी सुलट येतात आणि नक्षी कायम समोर राहते, म्हणून तसं विणतात. पण जाकिटाला पुढून उघडायला हवं. तिनं मधल्या जादा टाक्यांच्या पट्टीवर दोन्हीकडून मशीनची शिलाई मारून आणली होती. तिनं पिशवीतून कात्री काढली आणि दोन शिलायांच्या मधून खालपासून गळ्यापर्यंत कापत गेली. महिन्यांचं काम! टेबलावर कुणी बोलेना. मी खुर्चीचा हात धरून बसले होते. काही उसवलं नाही. विणीतला टाका सुटतो तो वरून खाली धावतो, आडवा सहसा जात नाही. शिवाय ती लोकर खरखरीत, तंतू एकमेकांना धरून राहतात. हाच प्रयोग आपल्या गुळगुळीत अॅक्रिलिकवर मात्र कुणी करू नये.

अॅक्रिलिकला तिथे मोज्यांच्या बाबतीत नाकं मुरडतात. मोज्याला ७५ टक्के लोकर, २५ टक्के नायलॉन अशीच लागते, लोकर ऊब देते आणि नायलॉन टाच झिजू देत नाही. अफगाण मात्र बहुतेक अॅक्रिलिकचेच. त्यावर कुत्रं झोपणार, पोरं सरबत सांडणार, यंत्रात धुवून यंत्रातच वाळणार.

नर्सबाईंचा कोचावरचा अफगाण काय होता ते जानेवारीत कळलं. तो हवामानाचा अफगाण होता. वर्षभर रोज एक ओळ, त्या दिवसाच्या तापमानाच्या रंगाची. दर दहा अंश फॅरनहाइटला एक रंग, नव्वदच्या वर लालभडक, शून्याच्या खाली, म्हणजे आपल्या उणे अठराच्याही खाली, जांभळा. त्यात माझी नात जन्मली त्या दिवसाची ओळ गडद निळी आहे. त्यांनी बोट ठेवून दाखवली.

पुण्याला परत आले तेव्हा बॅगेत ते अफगाणाचं खूळ होतं. सुयांवर आता दोन कामं असतात, दोनच. एक मोजा, बँकेत, दातांच्या डॉक्टरकडे, रिक्षात. इथे बाई विणताना दिसली की समोरची विचारते, “नातू की नात?” मोजा माझ्या स्वतःच्या पायाचा आहे म्हटलं की विषय संपतो. आणि दुसरं अफगाण. पण पुण्यात तापमानावर काय विणणार? मार्च ते मे एकच केशरी, उरलेलं वर्ष पिवळं. कोचावर हळदीकुंकू सांडल्यासारखं दिसायचं. म्हणून पावसाचा घालायचा ठरवला. १ जून ते ३० सप्टेंबर, १२२ दिवस, क्रोशाच्या खांबांच्या १२२ ओळी. कोरडा दिवस साय रंगाचा. पुढचे रंग हवामान खात्याच्याच पायऱ्यांवर: साडेपंधरा मिलिमीटरपर्यंत फिकट निळा, ६४ पर्यंत मोरपंखी, त्याच्या वर गर्द. आकडा खात्याच्या शिवाजीनगरातल्या सिमला ऑफिसचा, सकाळी साडेआठला मोजलेला. १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं म्हणून अजून सिमला ऑफिसच म्हणतात ते.

लोकर आणून झाली आहे, गुंडे वळून झाले आहेत. वाद एवढाच, की आम्ही राहतो सिंहगड रस्त्याला आणि आकडा शिवाजीनगरचा. “आपल्या दारात गुडघाभर पाणी आणि तुझ्या अफगाणात साय?” हे ह्यांचं म्हणणं. त्यांनी गच्चीवर एक सरळ भिंतीची बरणी ठेवून तिला पट्टीसुद्धा चिकटवली आहे. मी सांगून ठेवलंय, सरकारी आकडाच धरणार. ते म्हणतात, मग काठाला एक ओळ बरणीची. त्यावर बोलणी चालू आहेत. जून लागायच्या आत मिटायला हवं.