वीकेण्ड विथ बाबा

स्टुटगार्टला नोकरीसाठी आल्यापासून एका विषयात मी जाम एक्स्पर्ट झालेय. वीकेण्ड प्लॅनिंग! शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटला की सॅक पाठीवर आणि थेट स्टेशन. ऑफिसातल्या आमच्या देशी गँगमध्ये माझ्या एक्सेल शीट्स फेमस आहेत. कुठली ट्रेन, कुठलं हॉस्टेल, कुठे चहा स्वस्त... सगळं रंगीत रकान्यांत.

त्यामुळे गेल्या मे महिन्यात बाबा यायचे ठरले, तेव्हा व्हिसा हातात पडायच्या आधीच त्यांची शीट तयार होती. एक वीकेण्ड पॅरिस, एक स्वित्झर्लंड. साताऱ्याहून पहिल्यांदाच परदेशात येणाऱ्या माणसाला आणखी काय दाखवणार? बाबांनी फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘उल्म लांब आहे का गं तुझ्यापासून?’’

उल्म? सव्वा लाख वस्तीचं ते शहर मी फक्त म्युनिकला जाताना ट्रेनच्या खिडकीतून बघितलं होतं. पण बाबांनी पस्तीस वर्षं हायस्कूलमध्ये फिजिक्स शिकवलंय. १४ मार्च १८७९ ला उल्ममध्ये कोण जन्मलं, हे त्यांचे विद्यार्थी झोपेतून उठवलं तरी सांगतील. आइनस्टाइन, बॉस!

मी पॅरिस पुढे ढकललं. थोडी चिडचिड झाली, खोटं कशाला बोला. पण खरं टेन्शन वेगळंच होतं. आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. ही ट्रिप मुळात त्या दोघांची होती. आमच्या घरात बाबांशी बोलायचं म्हणजे व्हाया आई. ‘बाबांना सांग’, ‘तिला विचार’, असा सगळा कारभार. आई गेल्यावर आमचे फोन दोन मिनिटांत संपायचे. जेवलात? जेवलो. बीपीची गोळी? घेतली. ठेवू? ठेव. आता दोन अख्खे दिवस एकत्र काढायचे आणि बोलायचं काय? म्हणून मी शीट भरत सुटले. अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. मोकळी जागा दिसली की एक म्युझियम घाल!

तिकिटाचं सोपं होतं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग तिकीट काढायचं. ते राज्यभर दिवसभर चालतं, पाच जणांपर्यंत एकत्र काढता येतं, आणि शनिवार-रविवारी सकाळी नऊ वाजायची वाट बघावी लागत नाही. फक्त फास्ट गाड्यांना चालत नाही. डिसेंबर २०२२ पासून नवी हायस्पीड लाइन सुरू झाल्यावर आयसीई पाऊण तासाच्या आत उल्म गाठते, आपली रिजनल गाडी तासभर घेते. मला वाटलं, बाबा कंटाळणार. पण जुन्या लाइनवर गाइसलिंगनचा घाट लागतो. १८५० चा, चढण साधारण ४४ ला १. बाबा खिडकीला चिकटले ते हललेच नाहीत. ‘‘आपला बोरघाट १८६३ चा. तिथे ३७ ला १. म्हणजे आपलाच अवघड!’’ जड मालगाड्यांना इथेही मागून इंजिन लावतात हे मी सांगितलं, तेव्हा त्यांना खंडाळ्याचे बँकर भेटल्यासारखा आनंद झाला. वीस मिनिटं गेली. शीटमध्ये या वेळेला मी ‘झोप’ लिहिलं होतं.

पण उल्मच्या स्टेशनवर उतरताना माझ्या पोटात गोळा होता. कारण एक गोष्ट मी त्यांना सांगितलीच नव्हती. आइनस्टाइनचं घर आता नाहीये. १७ डिसेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं शहर बहुतेक सगळं गेलं. ते घर होतं त्या बानहोफश्ट्रासेवर आता माक्स बिल या शिल्पकाराने केलेलं दगडी स्मारक आहे, आणि आजूबाजूला शॉपिंग. मी हे वेबसाइटवर वाचलं आणि गप्प बसले. इतक्या लांबून आलेल्या माणसाला कसं सांगणार?

दगडांसमोर बाबा बराच वेळ उभे राहिले. शेजारून शॉपिंगच्या पिशव्या घेतलेली पोरं चालली होती. मीच शेवटी बोलले, ‘‘बाबा, सॉरी. घर राहिलं नाही. मला माहीत होतं.’’

‘‘मलाही माहीत होतं,’’ ते म्हणाले.

‘‘मग आलो कशाला?’’

‘‘तुझ्या आईला मी सांगितलं होतं, घर नाही तिथे. ती म्हणाली, घर नसलं तरी जागा तर असेल ना. जागा बघून येऊ.’’

मी मोबाइल बॅगेत टाकला. पुढचे तीन रकाने तसेच राहिले.

मग बाबा बोलायला लागले. आइनस्टाइन जेमतेम सव्वा वर्षाचा असताना घरच्यांनी म्युनिकला बिऱ्हाड हलवलं. इथे त्याच्या नावाचा रस्ता होता, तो नाझींनी १९३३ मध्ये बदलून टाकला. युद्धानंतर, १९४९ मध्ये, शहराने त्याला मानद नागरिकत्व देऊ केलं, ते त्याने नाकारलं. ‘‘बरोबरच केलं,’’ बाबा म्हणाले. ‘‘पण गावाने पुन्हा विचारलं, हेही बरोबर केलं.’’ मी त्यांच्या वर्गात कधी बसले नव्हते. पोरं त्यांच्या तासाला का पळून जायची नाहीत, ते त्या दिवशी कळलं.

तुम्हीही आईबाबांना घेऊन जाणार असाल, तर शनिवारी सकाळीच पोचा. मोठ्या चर्चसमोरच्या चौकात बुधवारी आणि शनिवारी सकाळी बाजार भरतो. मे महिन्यात पांढऱ्या ॲस्परॅगसचे ढीग असतात. ही शतावरीचीच जात, हे बाबांनी मला सांगितलं, माळ्याला हिंदीतून सांगितलं, आणि त्याने मान डोलवलीसुद्धा! जेवायला शाकाहारी मंडळींना केझश्पेट्झल मागवा. चीज आणि तळलेल्या कांद्यातल्या गरमगरम शेवया समजा. माउलटाशनपासून मात्र सावध. दिसायला साधी कणकेची पुरचुंडी, आत बहुधा मांस-पालक. उपवासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून मांस असं लपवायचे, अशी गोष्ट सांगतात. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे बिस्किटं-पाणी शनिवारीच घ्या. आणि वाकडं घर म्हणून जे जुनं हॉटेल फोटोत दिसतं, ते बाहेरूनच बघा. खिशाला बरं.

या चर्चचा मनोरा १६१.५३ मीटर. १८९० मध्ये पुरा झाल्यापासून जगातला सगळ्यात उंच चर्चचा मनोरा होता, २०२५ मध्ये बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाने त्याला मागे टाकलं. पायऱ्या ७६८. बाबांचे गुडघे बघता मी हा रकाना आधीच लाल केला होता. आम्ही खालीच बसलो. छपरावर एक चिमणी आहे, चोचीत काडी घेतलेली. चर्च बांधताना म्हणे लोकांना एक लांबलचक तुळई वेशीतून आडवी नेता येईना. वेस फोडायची वेळ आली, तेवढ्यात एक चिमणी काडी उभी धरून घरट्यात शिरताना दिसली, आणि मंडळींच्या डोक्यात प्रकाश पडला. चिमणी म्हटल्यावर मला आईची मेणाचं घर आणि शेणाचं घर आठवली. बाबांनाही आठवली असणार, कारण ते म्हणाले, ‘‘तुला ती गोष्ट ऐकल्याशिवाय भात जायचा नाही. कावळ्याचा आवाज मात्र मला काढायला लावायची ती.’’

हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, कावळाही आईच.

रविवारी आम्ही ठरवून काहीच केलं नाही. डॅन्यूबवरचा पूल ओलांडला, म्हणजे चालत चालत बव्हेरियात गेलो. नॉय-उल्मला कॉफी प्यायलो, परत आलो. कारंज्यातल्या जीभ काढलेल्या आइनस्टाइनशेजारी बाबांचा फोटो काढला. जीभ काढा म्हटलं तर त्यांनी नाही काढली.

परतीच्या गाडीत त्यांनी साताऱ्याला मॉर्निंग वॉकच्या मित्राला फोन लावला. ‘‘अरे, काय तो मनोरा! सातशे अडुसष्ट पायऱ्या!’’ पलीकडून बहुतेक, या वयात चढलास, असं काहीतरी आलं असावं. बाबांनी माझ्याकडे बघितलं.

‘‘हो तर,’’ ते म्हणाले, ‘‘हळूहळू चढलो.’’