सातूचे दळण

मराठीत 'सातू' हा शब्द दुहेरी आहे. शेतात उभ्या असलेल्या धान्यासही आपण सातू म्हणतो आणि उन्हाळ्यात गूळ-दुधात कालवून खावयाच्या पिठासही सातूच म्हणतो. मग त्या पिठात सातूचा दाणाही नसो. नुसते गहू आणि डाळे असले, तरी नाव कायम राहते. काशीत ही मोकळीक नाही. येथे धान्य ते 'जौ' आणि पीठ तेवढे 'सत्तू'. धान्य म्हणून सातू मागावे, तर वाणी पिठाची पुडी पुढे करतो. दोन्ही शब्द संस्कृतातील 'सक्तु'चेच वंशज. पण एकाच घरातील दोन भावांनी वेगळी चूल मांडावी, तसे झाले आहे.

आमचे बिऱ्हाड शिंदे घाटाच्या वरच्या अंगास, एका जुन्या वाड्याच्या माडीवर आहे. घरमालकीणबाई मराठी. त्यांच्या कित्येक पिढ्या काशीत गेल्या. वय ऐंशीच्या पुढे. सारे त्यांना आजी म्हणतात. त्यांची मराठी ऐकताना आपण जुन्या कागदपत्रांची चळत उलगडतो आहोत असे वाटते, आणि मधूनच त्यात एखादा चोख बनारसी शब्द येऊन बसतो. तळमजल्यावर त्यांचे जाते आहे. येथील लोक त्याला 'जाँता' म्हणतात. आपल्याकडील जाते काळ्या पाषाणाचे. हे मात्र पिवळसर, चुनारच्या दगडाचे. काशीचे बहुतेक घाटही याच दगडाचे आहेत.

एप्रिलच्या मध्यास मेषसंक्रांत येते. येथे तिला 'सतुआन' म्हणतात. त्या दिवशी सत्तू खावयाचे, दान करावयाचे, सोबत कैरी आणि पाण्याचा घडा. या सणासाठी आजी दरवर्षी घरी सातू दळीत. गेल्या वर्षी त्यांचा खांदा धरला, आणि त्यांनी आम्हां नवराबायकोस खाली बोलावले. "दोघं समोरासमोर बसा. खुंटा एक, हात दोघांचे. मी सांगते तसं करा," एवढेच त्या म्हणाल्या.

दळण जात्यावर सुरू होते, ही शहरी माणसाची समजूत. खरे म्हणजे ते दोन दिवस आधी सुरू होते. सातूच्या दाण्याला साल घट्ट चिकटलेली असते. पाण्याचा हबका मारून ते उखळात कांडावे लागते, पाखडावे लागते, उन्हात घालावे लागते. मग भडभुंज्याकडे. तो तापलेल्या वाळूत दाणे भाजतो. हरभरा निराळा भाजावयाचा, कारण दोघांना लागणारी आच एक नव्हे. भाजणीचे धान्य वेगवेगळे भाजण्याचा आपल्या घरांतील नियम तो हाच.

याच धान्याची दुसरी वाट पाहिली म्हणजे मौज वाटते. युरोप-अमेरिकेत पुष्कळ लोक घरच्या घरी बिअर करतात, आणि त्यासाठी सातू स्वतः भरडतात. तेथे दाण्याला आधी मोड आणतात. मोड येताना पिष्टाची साखर करणारी द्रव्ये दाण्यात जागी होतात. मग तो वाळवतात. आपण तान्ह्या मुलासाठी नाचणीचे सत्त्व करतो, त्यातही मोडांची युक्ती हीच. पुढे तो दाणा दोन रुळांमधून काढतात. रुळांतील फट सुमारे एक मिलिमीटर. आतला गर फुटला पाहिजे, पण साल अखंड राहिली पाहिजे. कारण पुढे रस गाळताना तीच साल गाळणीचे काम करते. पीठ फार बारीक झाले तर त्याचा लगदा होऊन रस खाली उतरत नाही. फार जाड राहिले तर गोडी दाण्यातच अडकते. आजी सालीचा कणही राहू देत नाहीत आणि हे लोक साल जपतात. पण कसोटी दोघांची एकच : दळण किती बारीक, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे.

गिरणीत हेच आपल्या हाती नसते. आपल्या आधी कोणाचे काय दळले गेले, त्याचा वास आपल्या पिठास लागतो. दगड वेगाने फिरतात, पीठ गरम होऊन येते. जात्याची गती माणसाच्या श्वासाची. वैरण घालणारा हात थांबला की आवाज बदलतो. एकदा बोलण्याच्या नादात आमचे जाते रिकामे फिरले, तेव्हा आजी ओसरीवरून म्हणाल्या, "ऐकू येत नाही का? दाणा संपला की दगड दगडाला खातो." मग त्यांनी पीठ अंगठा आणि तर्जनी यांत चोळून पाहिले. "अजून रवा लागतोय." चार वेळा असे झाले. पाचव्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत.

त्यांची मुले दूर देशी आहेत. वाड्यात आता त्या आणि आम्ही. यंदा माझ्या बदलीचे बोलणे निघाले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "जातं घेऊन जा. माझ्यामागं कोण फिरवणार?" मला उत्तर सुचेना. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास हा घाट उभारला. पण दगडांचा भार खालच्या मातीस सोसला नाही, आणि तो खचला. शेजारचे रत्नेश्वराचे देऊळ आजही कललेले उभे आहे. दूरच्या मातीत आपले काही वजनदार रोवण्याची हौस आपल्या लोकांना पूर्वीपासून आहे. आमच्यासारख्या दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्यांनी ते जाते उचलून न्यावे, तर पुढच्या एखाद्या सरकारी क्वार्टरच्या गच्चीत त्यावर कुंडी ठेवली जाईल, हे मला दिसत होते. मी नको म्हटले. त्यांना वाईट वाटले असावे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील वाणीविषयक सूक्तात, चाळणीने सक्तू स्वच्छ करावे तशी जाणती माणसे वाणी स्वच्छ करतात, असा दृष्टांत आहे. पीठ आणि भाषा यांना इतके जवळ आणणारा तो ऋषी स्वतः दळणाशेजारी बसला असला पाहिजे. दोन्ही गोष्टी वस्तूसारख्या हाती सोपविता येत नाहीत. दुसऱ्याच्या शेजारी बसूनच घ्याव्या लागतात.

म्हणून यंदाच्या सतुआनला आम्ही सात वर्षांच्या मुलीलाही खाली नेले. खुंट्याला तिचा हात नीट पोचत नव्हता. तिला आजीने जवळ घेऊन चिमूटभर पीठ तिच्या बोटांत दिले. तिने ते गंभीरपणे चोळले आणि म्हणाली, "रवा लागतोय." आजीने आमच्याकडे पाहिले आणि जात्यात मूठभर दाणे वैरले.