वाळवणाचे कपाट आणि उलटा पंखा

वऱ्हाडातल्या माणसाला वाळवण शिकवावे लागत नाही. मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. गच्चीवर धोतर अंथरायचे, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, कुरडया-सरगुंडे-मिरच्या पसरायच्या आणि राखणीला एखादे नातवंड बसवायचे. झाले काम! पण पावसाळा लागला की हाच सूर्य रुसतो. अकोल्याच्या जुन्या डाळमिलवाल्यांना विचारा. तूर अंगणात पसरलेली असताना आभाळ भरून आले, की मालकापासून हमालापर्यंत सगळ्यांची धावपळ.

म्हणून आले वाळवणाचे कपाट, म्हणजे ट्रे ड्रायर. लोखंडी पेटी, आत ट्रेची चळत, विजेच्या कॉइल, एक पंखा, ठरलेल्या उष्णतेला कॉइल बंद करणारा थर्मोस्टॅट आणि दमट हवा बाहेर सोडणारी एक झडप. एवढाच संसार.

अकोला जिल्ह्यातल्या एका गावात माझ्या भाचीच्या बचत गटाने असे कपाट घेतले. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून ३५ टक्के अनुदान, बाकी बँकेचे कर्ज. दहा जणी. मेथी, शेवग्याचा पाला, आले वाळवून विकायचे. मागच्या पावसाळ्यात भाचीचा फोन आला.

"मामा, मशीन बिघडली. काटा ६० वर जाते, पण माल ओलाच राह्यते. रातभर चालवलं तरी! मेस्तरी म्हणते कॉइल बदला. अन् घरचे म्हणते, बायकाईच्या हातचं काम नोहे हे, इकून टाका."

मला कॉइलपेक्षा ते शेवटचे वाक्य लागले. हप्ता तर दर महिन्याला जातच होता.

मी बी.ए. झालेला, जन्मभर मराठी शिकवलेला माणूस. यंत्र हा काही माझा विषय नाही. पण पोरगे नापास झाले की त्याला लगेच 'ढ' म्हणायचे नसते, उत्तरपत्रिका पहिल्या पानापासून बघायची असते, एवढे मला ठाऊक. डाळमिलमध्ये विजेचे काम करून निवृत्त झालेले माझे एक स्नेही आहेत. त्यांना घेऊन एस.टी.ने गाव गाठले.

त्यांनी आधी कशालाही हात लावला नाही. मशीन चालू करून घड्याळ पाहिले. काटा भराभर ६० वर गेला आणि कॉइल बंद झाली. ते म्हणाले, "गुरुजी, कॉइल अशक्त असती तर काटा चढायला वेळ लागला असता. इथं तर लवकर चढतो. म्हणजे ऊब आहे, ती मालापर्यंत जात नाही."

काट्याचा सेन्सर कॉइलजवळ होता. वारा कमी असेल तर कॉइलजवळची हवा तापते, थर्मोस्टॅटला वाटते काम झाले आणि लांबचे ट्रे थंडच राहतात. मग त्यांनी ट्रेच्या कडांना दोरे बांधायला लावले. दार लावले, काचेतून पाहिले. दोरे जेमतेम हलत होते आणि तेही भलत्या दिशेला!

"मधात लाइन दुरुस्त झाली होती का?" त्यांनी विचारले. तेव्हा एक आजी म्हणाल्या, "हो ना बाप्पा, त्या दिवशी बाजूची गिरणीबी उलटी फिरली होती!" गिरणीवाल्याने आपली मोटर तेव्हाच सरळ करून घेतली होती. थ्री-फेजच्या दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. गिरणीचा पट्टा दिसतो म्हणून कळले. पेटीतला पंखा दिसत नाही. उलटा फिरला तरी आवाज तोच येतो, पण पाती एका दिशेसाठी वळवलेली असतात, म्हणून वारा घटतो. मेन स्विच बंद करून त्यांनी दोन तारा बदलल्या. खर्च शून्य.

दार उघडले तर काचेला आतून पाण्याचे थेंब. वीज वाचावी म्हणून कोणीतरी झडप बंद केलेली. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट वीज लागतेच. ती खर्च करून वाफ आतच कोंडायची, तर वाळणार काय? तिसरा दोष दाराच्या रबराचा. ते कडक होऊन फटी पडल्या होत्या. ते बदलले.

कोणी म्हणेल, थोडा ओला राहिला माल तर काय बिघडते? बिघडते. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या आदिवासी भागात, अवेळी पावसात भिजलेला, नीट न वाळलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष, लोकांनी ते कावीळ समजले. ते शिजवूनही पुरते जात नाही. आणि घाईने उष्णता वाढवली तर आल्याचे काप वरून कडक होतात, ओल आत कोंडते. असा माल हाताला वाळलेला लागतो आणि डब्यात बुरसटतो.

आता त्या बायकांनी भिंतीवर आपल्या बोलीत कागद लावला आहे. आधी दोरे पाहा. मग काच पाहा. झडप उघडी ठेवा. ट्रेवर माल पातळ पसरा. दर तासाला एक ट्रे तोला. वजन उतरायचे थांबले की माल झाला. मेस्तरीले सगळ्यात शेवटी बोलवा.

विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. मागच्या महिन्यात वारा पुन्हा मंदावला, तेव्हा भाचीने मेन स्विच पाडून पंख्याच्या जाळीत अडकलेला मेथीचा पाला स्वतःच काढला. मला कळले ते दोन दिवसांनी, दुसऱ्याच कामासाठी फोन आला तेव्हा, बोलता बोलता. शिक्षकाला याहून चांगला निकाल कोणता हवा?