हुबेहूब, पण कुणासाठी?

रक्तवाहिनीचं मॉडेल हातात घेतलं की बहुतेक जण ‘हुबेहूब आहे का?’ असं विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण अर्धा. कुणासाठी हुबेहूब, ते आधी ठरायला हवं. डोळ्याला अस्सल वाटणारी धमनी सोनोग्राफीच्या मशीनला भलतीच दिसते, आणि मशीनला पटलेली धमनी गाइडवायर सरकवणाऱ्या हाताला खोटी लागते. म्हणून एकाच मॉडेलात सगळा खरेपणा कोंबायचा हट्ट मला चुकीचा वाटतो. ज्या प्रश्नासाठी ते केलंय त्या प्रश्नापुरतं ते खरं असावं. बाकी बाबतीत ते खोटं असणारच.

सिलिकॉनचंच घ्या. पारदर्शक, लवचिक, टिकाऊ. मेणाचा किंवा पाण्यात विरघळणारा गाभा करायचा, त्यावर सिलिकॉनचे थर चढवायचे आणि गाभा काढून टाकायचा. वळणावळणाची पोकळ धमनी तयार. पण सोनोग्राफीचं मशीन ध्वनी सेकंदाला १५४० मीटर वेगाने जातो असं धरून अंतर काढतं. सिलिकॉनमध्ये तो वेग जेमतेम १००० मीटर. प्रतिध्वनी उशिरा परततो आणि १ मिलिमीटरची भिंत पडद्यावर दीड मिलिमीटरची दिसते. भिंतीची जाडी मोजायला शिकवायचं असेल, तर हे देखणं मॉडेल काय कामाचं? तिथे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हवं. त्याचं साधारण १० टक्क्यांचं द्रावण साच्यात ओतून उणे २० अंशांना गोठवायचं, मग सावकाश वितळू द्यायचं. अशा प्रत्येक फेरीगणिक जेल ताठ होत जातं. घाईने वितळवलं तर हवा तेवढा ताठपणा येत नाही. त्यातला ध्वनीचा वेग शरीरातल्या मांसल भागाच्या जवळ जातो. मात्र ते दुधाळ असतं आणि पाण्याबाहेर ठेवलं की सुकतं. आतला प्रवाह कॅमेऱ्याने टिपायचा असेल तर पुन्हा सिलिकॉनकडेच यावं लागतं.

तिथेही सुटका नाही. कॅमेऱ्याला भिंत दिसूच नये, यासाठी आतल्या द्रवाने प्रकाश सिलिकॉनइतकाच वाकवायला हवा. पाण्यात वजनाने सुमारे ६० टक्के ग्लिसरीन घातलं की ते जमतं, पण मग द्रव रक्ताच्या जवळपास तिप्पट दाट होतो. ४० टक्क्यांवर दाटपणा जुळतो, तर भिंत दिसायला लागते. आम्ही दाट द्रव घेतो आणि पंपाचा वेग नि ठोक्यांची गती त्या हिशेबाने वाढवतो. म्हणजे आकडे सगळे खोटे, आणि भोवरे मात्र खरे. लिओनार्दो दा विंचीने १५१३च्या सुमारास महाधमनीच्या मुळाचं काचेचं मॉडेल करण्याची टिपणं लिहिली होती. पाण्यात गवताचं बी सोडून त्याला झडपेमागचे भोवरे पाहायचे होते. काच ना फुगते ना आकसते. तरी त्याच्या प्रश्नाला ती पुरेशी होती.

यावर कुणी म्हणेल, आता थ्रीडी प्रिंटिंग आहे. रुग्णाचा सीटी स्कॅन घ्या आणि त्याचीच धमनी छापा. छापतोच, आणि मेंदूतल्या धमनीच्या फुग्यात कॉइल भरायच्या सरावाला त्याचा मोठा उपयोग आहे. पण कॉन्ट्रास्ट दिलेल्या सीटीत दिसते ती मुख्यतः रक्ताची पोकळी. इतक्या बारीक धमनीच्या भिंतीची जाडी त्यातून नेमकी कळत नाही. ती आपण मनाने देतो, बहुधा सगळीकडे सारखी. शिवाय खरी धमनी आधी सहज ताणली जाते आणि मग एकदम ताठते, कारण आधी इलॅस्टिन ताण घेतं, नंतर कोलॅजेन. छापलेलं रबर असं वागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: अर्धवट खऱ्या मॉडेलवर शिकलेला हात चुकीच्या सवयी लावून घेईल. घेईल, जर काय खोटं आहे ते सांगितलं नाही तर. सिलिकॉनला वायर चिकटते. म्हणून फिरणाऱ्या पाण्यात साबणासारखं काहीतरी घालावं लागतं, आणि तरीही बोटांना कळणारा अडथळा धमनीतला नसतो. त्यामुळे अशा मॉडेलवर कॅथेटरला कोणता बाक द्यायचा आणि कॉइल कोणत्या मापाची घ्यायची हे मी खुशाल शिकू देईन. किती जोर लावला तर फुगा फुटेल, हे त्यावर कुणी शिकवत असेल तर त्याला तिथेच थांबवीन.